देठाच्या रसातलं मीठ

द्राक्षाच्या पानाची कड काळी पडायला लागली की आमच्याकडे पहिल्या दिवशी चार रोग निघतात आणि दुसऱ्या दिवशी आठ औषधं. बांधावरून जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवतो, पान उलटंपालटं करून बघतो आणि एक नाव सांगून पुढे जातो. आमच्या खालच्या प्लॉटमध्ये हे झालं तेव्हा करपा, लाल कोळी, भुरी मेल्यानंतरचे डाग आणि ब्लोअरनं औषध जास्त पडलं, एवढी निदानं एका आठवड्यात फुकट मिळाली.

प्लॉट थॉमसन सीडलेस या जातीचा, डॉगरिज खुंटावरचा, म्हणजे डॉगरिजच्या मुळांवर कलम केलेला. निफाड तालुक्यातली गोदाकाठची काळी, भारी जमीन. मण्यात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागायच्या सुमाराला घडाच्या आसपासची जुनी पानं आधी तपकिरी-कांस्य रंगावर गेली, मग काजळी फिरवल्यासारखी काळसर झाली. नीट बघितलं तर दोन गोष्टी दिसत होत्या. एक म्हणजे काळेपणा पानाच्या वरच्या अंगाला, ज्या भागावर थेट ऊन पडतं तिथंच होता. त्याच पानावर दुसऱ्या पानाची सावली पडली होती तिथं सावलीच्या आकाराचा हिरवा तुकडा तसाच शाबूत. दुसरं म्हणजे खालच्या बाजूला ना बुरशीची लव, ना कोळ्याची जाळी. बुरशी काही सावलीची रेघ आखून वाढत नाही. रोग असेल असं मला तेव्हापासूनच वाटेना.

तरीही औषध दुकानातून दोन बाटल्यांची चिठ्ठी आलीच. मी मारलं नाही. आमचा माल निर्यातीला जातो आणि पाणी उतरल्यावर मारलेलं औषध म्हणजे मालात उरणाऱ्या अंशाची टांगती तलवार. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड म्हणजे सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात नाकारली गेली, तेव्हा आमच्या भागात काय झालं होतं ते ज्यांनी बघितलंय ते ‘मारून तर बघू’ असं सहजासहजी म्हणत नाहीत.

वेलीला कोणतं अन्नद्रव्य किती मिळतंय ते बघायला देठ परीक्षण आम्ही दरवर्षी करतोच. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर ४५ दिवसांनी, काडीवरच्या तळाकडून पाचव्या पानाचं देठ आणि फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचं देठ. लॅबवाले ती देठं धुतात, ओव्हनमध्ये वाळवतात, दळतात, आम्लात विरघळवतात आणि मग मशिनवर घेतात. रिपोर्ट यायला आठवडा तरी जातो, हंगामात जास्तच. त्यात अडचण अशी की फुलोऱ्यातला आमचा रिपोर्ट बरा होता. बरा म्हणजे अख्ख्या प्लॉटची देठं एकत्र करून दिलेली, त्यामुळे चांगल्या आणि वाईट ओळींची सरासरी होऊन ‘समाधानकारक’ असा शिक्का मिळालेला.

आमच्या गटानं मिळून हातात मावतील असे तीन मीटर घेतलेले आहेत: एक पोटॅशियमचा, एक सोडियमचा आणि एक ईसीचा, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या विद्युतवाहकतेचा. पोटॅशियम-सोडियमच्या मीटरला पुढे एक चपटी खाच असते, त्यात रसाचे तीन-चार थेंब टाकले की पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) आकडा येतो. मी बीएस्सीला केमिस्ट्री घेतली होती आणि तिचा उपयोग बागेत कधी झाला म्हणावा तर तो इथं.

खाचेच्या तळाशी एक पातळ पडदा असतो. पोटॅशियमच्या पडद्यात व्हॅलिनोमायसिन नावाचा एक रेणू मिसळतात. त्याचा आकार कड्यासारखा असतो आणि मधल्या पोकळीत पोटॅशियमचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, नेमका बसतो. सोडियम आकारानं लहान, तो त्यात सैल पडतो. सव्वादोनच्या हाताला अडीचची बांगडी भरल्यासारखं. म्हणून रसात दोन्ही असले तरी पडदा प्रामुख्यानं पोटॅशियमच उचलतो. आयन पडद्यात शिरला की दोन बाजूंमध्ये थोडासा विद्युत दाब तयार होतो आणि मीटर तोच मोजतो. हिशेब नर्न्स्टच्या समीकरणाचा: २५ अंश तापमानाला आयनाचं प्रमाण दहापट झालं की दाब सुमारे ५९ मिलिव्होल्टनं बदलतो. उलट्या बाजूनं बघा, म्हणजे मीटर एका मिलिव्होल्टनं जरी भरकटला तरी आकड्यात सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे कोणी ‘माझ्या बागेत पोटॅश १८३७ आहे’ असं सांगितलं तर मी त्यातले शेवटचे दोन आकडे सोडून देतो.

मोजायच्या आधी मीटरला दोन ठरलेली द्रावणं पाजावी लागतात. आमच्या मीटरला १५० आणि २००० पीपीएमची. हे काम सावलीत, पंप-हाऊसमध्ये करायचं आणि द्रावण, मीटर, रस तिन्ही एकाच तापमानाला आले की मगच करायचं. गटातले काही जण फ्रिजमधून द्रावणाची बाटली काढून तशीच ओततात आणि मग मीटरला नावं ठेवतात.

नमुना घेण्याची रीत मी लॅबपेक्षा वेगळी ठेवली. अख्ख्या प्लॉटची सरासरी मला नको होती. काळ्या पडलेल्या ओळींतली देठं एका पिशवीत, चांगल्या ओळींतली दुसऱ्या पिशवीत. दोन्हीकडे पान एकाच जागेवरचं, घडासमोरचं. वेळ सकाळची, ड्रिप चालू करायच्या आधीची, कारण पाणी दिल्यावर आणि ऊन चढल्यावर रसाची दाटी बदलते. पान तोडलं की पातं तिथंच खुडून टाकायचं, नाहीतर ते तोडल्यावरही देठातलं पाणी ओढत राहतं. देठं लगेच पिशवीत, पिशवी थर्मासच्या डब्यात.

पुढचं काम पुस्तकात एका ओळीत असतं: ‘देठांचा रस काढावा’. बटाट्याच्या किंवा टोमॅटोच्या देठाला चिमटा काढला तरी रस येतो. द्राक्षाचं देठ म्हणजे काटकी. स्वयंपाकघरातून आणलेल्या लसूण दाबायच्या चिमट्यात तुकडे भरले, दोन्ही हातांनी दाबलं, तर चिमट्याची मूठ वाकली आणि भोकांतून नुसता हिरवा चोथा डोकावला. बायकोनं चिमट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलली नाही. मग उपाय केला तो असा: देठांचे बारीक तुकडे पिशवीत घट्ट बांधून रात्रभर डीप फ्रिजरमध्ये ठेवायचे. बर्फ होताना पेशी फुटतात. सकाळी पिशवी तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ दिली की तेच तुकडे ओल्या वातीसारखे मऊ होतात आणि चिमट्यातून तपकिरी-हिरवा रस थेंबाथेंबानं उतरतो. मीटरला तेवढा पुरतो. दोन्ही पिशव्यांना एकच वागणूक द्यायची एवढं मात्र सांभाळायचं. एक गोठवलेली आणि एक ताजी अशी तुलना करण्यात अर्थ नाही.

आकडे आले ते बघून मी द्रावणावर मीटर पुन्हा तपासला, खाच डिस्टिल्ड वॉटरनं धुतली, टिश्यूनं टिपली आणि परत रस टाकला. आकडे हलले नाहीत. काळ्या ओळींच्या रसात सोडियम चांगल्या ओळींच्या दुपटीहून जास्त होतं आणि पोटॅशियम निम्म्याहून थोडंच वर. रोगाचा प्रश्न तिथं निकालात निघाला. वेलीला मीठ चढलं होतं आणि पोटॅश मिळत नव्हतं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तर म्हणाले, “अरे, पान चाखलं असतंस तरी कळलं असतं.” पान चाखून कळत नाही, पण त्यांच्या बोलण्याला आधार असतो. पावसाळ्यात बुरशीसाठी बोर्डो मिश्रण करताना ते अजून विळ्यानं परीक्षा करतात. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना, तेही प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये. मिश्रण झालं की घासून चकचकीत केलेला विळा त्यात मिनिटभर धरायचा. पात्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडला, मोकळं तांबं शिल्लक आहे, असं मारलं तर पान जळणार. चुना वाढवायचा आणि पुन्हा बघायचं. लोखंड मोरचुदातल्या तांब्याला बाहेर ढकलतं आणि स्वतः विरघळतं, ही त्यामागची क्रिया. फ्रान्समध्ये मिलार्देनं १८८५ च्या आसपास डाऊनी या द्राक्षाच्या बुरशीजन्य रोगावर हे मिश्रण लोकांपुढे ठेवलं, तेव्हापासून ते जगभर चाललंय. शेतातला सगळ्यात स्वस्त रासायनिक सेन्सर म्हणून मी विळ्याचंच नाव घेईन. चार्जिंग लागत नाही, कॅलिब्रेशन म्हणजे दगडावर घासणं. आप्पांना मीटरचं कौतुक कमी वाटतं ते त्यामुळेच.

आता मीठ आलं कुठून? ईसीचा मीटर घेऊन पाण्याच्या मागे लागलो. वरच्या प्लॉटला शेततळ्याचं पाणी जातं, खालच्याला मुख्यतः जुन्या विहिरीचं. विहिरीच्या पाण्याची ईसी १.८ च्या घरात, शेततळ्याची ०.५. द्राक्षवेल मिठाला मध्यम नाजूक. जमिनीच्या अर्कातली ईसी १.५ डेसिसायमन प्रतिमीटरच्या वर गेली की उत्पादन घसरायला लागतं आणि पुढे प्रत्येक अंकाला ९.६ टक्के घट धरतात. पाण्याच्या हिशेबानं ती मर्यादा साधारण एक. म्हणजे आमची विहीर बरीच पुढे. त्यात सलग दोन उन्हाळे पाणी कमी, विहीर खोल गेलेली, भारी जमीन आणि ड्रिपनं मोजकंच पाणी. मीठ मुळांजवळ साठत गेलं, ते खाली धुऊन जायला जागाच नव्हती. विहिरीकडच्या ओळी आधी काळ्या का पडल्या, तेही ड्रिपच्या नळ्यांकडे बघून कळलं. त्या ओळींना शेततळ्याची जोडणीच नाही.

आणि खुंट डॉगरिज. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी पाण्याच्या टंचाईत तग धरतो म्हणून आपण सगळ्यांनी तो लावला आणि त्यानं बागा वाचवल्याही. पण खाऱ्या पाण्यावर तो सोडियम आत घेतो आणि पोटॅशला मागे ठेवतो. थॉमसनची पानं काळी पडण्याचा हा प्रकार मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या अभ्यासातही याच कारणाशी जोडलेला आहे. पोटॅश कमी असलं की पानाला कडक ऊन झेपत नाही. सावलीतला हिरवा तुकडा शाबूत का होता, याचं उत्तर हे.

खात्रीसाठी काळ्या आणि चांगल्या ओळींची देठं वेगवेगळी करून लॅबलाही पाठवली. रिपोर्ट आला तोपर्यंत मी कामाला लागलो होतो. काळ्या ओळींत सोडियम अर्ध्या टक्क्याच्या वर, पोटॅश दीड टक्क्याच्या खाली. लॅबचा आकडा वाळलेल्या देठाच्या वजनावर असतो आणि मीटरचा ओल्या रसातला, त्यामुळे दोघांची सरळ गाठ घालता येत नाही. पण दिशा एकच होती.

काम काय केलं? विहिरीकडच्या ओळींना शेततळ्याची लाईन जोडली, सल्फेट ऑफ पोटॅश ड्रिपमधून हप्त्याहप्त्यानं सोडलं आणि थोडं पानावरही दिलं. म्युरेट ऑफ पोटॅश टाळलं, कारण त्यातलं क्लोराइड आम्हाला नकोच होतं. जमिनीत चुनखडी भरपूर, म्हणून सोडियम हटवायला जिप्समऐवजी गंधकाचा सल्ला मिळाला, तो खरड छाटणीच्या वेळी पाळला. पुढच्या पावसाळ्यात चर काढून पाणी खाली जाऊ दिलं. काळं झालेलं पान परत हिरवं होत नाही, त्या घडांची साखर उशिरानंच भरली आणि त्या ओळींचा माल लोकल मार्केटला गेला. फायदा दिसला तो नव्या पानांत. रसातलं पोटॅश आठवड्यागणिक थोडं थोडं चढत गेलं. सोडियम हट्टी निघालं, पावसाळा होईपर्यंत फारसं हललं नाही.

याच काळात भाचा नाशिकहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, प्रोजेक्ट शोधत होता. त्याचं म्हणणं, “मामा, पान काळं पडेपर्यंत थांबायचंच कशाला? रोग लागला की झाड वास सोडतं. तो वास पकडू.” आणि हे खरंच आहे. पानाला इजा झाली की ताज्या कापलेल्या गवताचा जो हिरवा वास येतो, ती संयुगं सुटतात. रोग किंवा किडीचा हल्ला झाला की बरीच झाडं मिथाइल सॅलिसिलेट सोडतात. सांधेदुखीच्या मलमाला जो उग्र-गोड वास असतो, तोच हा पदार्थ.

त्यानं डबा बनवला. आत बाजारात मिळणारे एमक्यू जातीचे चार गॅस सेन्सर, आर्द्रता-तापमानाचा एक, छोटा पंखा आणि हे सगळं चालवणारं आर्डुइनो नावाचं छोटं सर्किट बोर्ड. या सेन्सरमध्ये टिन डायऑक्साइडचा थर असतो, तो आतल्या हीटरनं काही शे अंशांपर्यंत तापतो. तापलेल्या थरावर हवेतला ऑक्सिजन चिकटतो, वासाचे रेणू येऊन तो ओढून घेतात आणि थराचा विद्युत विरोध कमी होतो. जपानच्या तागुचींनी १९६२ मध्ये याची सुरुवात केली ती घरातली गॅसगळती कळावी म्हणून. तिथं प्रश्न सोपा असतो, गॅस आहे की नाही. बागेत तो सोपा राहत नाही.

पावसाळी ओलीत डाऊनी आलेल्या काही वेली आम्ही फवारणीतून मुद्दाम राखून ठेवल्या. पानाच्या खाली पांढरी लव स्पष्ट दिसत होती. शेंड्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची, अर्धा तास थांबायचं आणि आतली हवा डब्यात ओढायची. रोगट वेलीचा आकडा निरोगी वेलीपेक्षा वर आला आणि भाच्यानं लगेच मोबाइलवर फोटो काढला. मी म्हटलं, एक पिशवी रिकामीच बांध, आत ओला टिश्यू टाकून. त्या पिशवीचा आकडा रोगट वेलीएवढाच आला. डबा डाऊनी नव्हे, दमटपणा मोजत होता. आर्द्रतेची वजाबाकी करणारं सूत्र त्यानं बसवलं, ते दुपारी चाललं आणि पहाटे दव पडल्यावर कोसळलं. शेजारच्या बांधावर ट्रॅक्टर सुरू झाला की आकडा वर. शेणखताचा ढीग वाऱ्याच्या बाजूला आला की वर. एकदा तर सगळे सेन्सर एकदम उसळले आणि भाचा धावत वेलीकडे गेला. मागे आप्पा उभे होते, गुडघ्याला मलम चोळून आलेले. मिथाइल सॅलिसिलेट पकडण्याच्या दृष्टीनं त्या दिवशीचं यश शंभर टक्के म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रक वाचल्याशिवाय लक्षात येणारी नव्हती. सिलिकॉनची वाफ या सेन्सरचा थर कायमचा निकामी करू शकते, असा इशारा त्यात आहे. आणि औषध पानावर नीट पसरावं म्हणून आपण फवारणीत स्प्रेडर काय घालतो? सिलिकॉनचंच. तेव्हापासून फवारणीच्या दिवशी डबा घरात कुलपात.

भाच्याची कल्पना चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये टोमॅटोच्या उशिराच्या करप्यावर हेच करून दाखवलं, पण वेगळ्या वाटेनं. रंग बदलणाऱ्या वेगवेगळ्या रसायनांच्या ठिपक्यांची पट्टी, तिच्यावरून पानाची हवा नेली की ठिपक्यांचा एक नकाशा तयार होतो आणि मोबाइलचा कॅमेरा तो वाचतो. उशिराच्या करप्याची बुरशी आणि आपली डाऊनी एकाच कुळातल्या, त्यामुळे मला त्यात रस आहे. पुढे २०२३ मध्ये त्याच विद्यापीठातून पानाच्या खालच्या बाजूला चिकटवायची सेन्सरची पट्टी आली. ती वासाबरोबर तापमान आणि आर्द्रताही मोजते, म्हणजे आमचा डबा जिथं अडला तो अडसर त्यांनी आधीच धरला होता. टोमॅटोच्या स्पॉटेड विल्ट विषाणूवर ती चालली. पण हे सगळं टोमॅटोवर आहे. द्राक्षाच्या मांडवाखाली, ब्लोअरच्या माऱ्यात आणि गंधकाच्या धुरळ्यात ती पट्टी किती टिकेल, हे इथं बांधून बघितल्याशिवाय मी पैसे मोजणार नाही. डाऊनीसाठी सध्या माझा भरवसा पान किती तास ओलं राहिलं ते सांगणाऱ्या सेन्सरवर आणि सकाळच्या फेरीवर आहे.

आयनचा मीटर मात्र आता कामाच्या पिशवीतच असतो. गटात जे विचारतात त्यांना तीन गोष्टी सांगतो. एक, दुसऱ्याच्या बागेच्या आकड्याशी आपला आकडा लावू नका, आपल्याच चांगल्या ओळीशी लावा, त्याच सकाळी, त्याच जागेच्या पानाचा. दोन, पडद्याचा तुकडा झिजतो, नवं द्रावण पाजूनही मीटर जागेवर येईना तर तो बदला, मीटर फेकू नका. तीन, धुवायला बॅटरीचं पाणी वापरत असाल तर आधी त्याचीच ईसी बघा. आमच्या इथल्या एका कॅनमधलं पाणी शेततळ्यापेक्षा खारं निघालं होतं.

खालच्या प्लॉटच्या विहिरीकडच्या ओळी आम्ही काढल्या आणि तिथं ११०-आर खुंट लावलाय, खाऱ्या पाण्यावर तो सोडियम कमी उचलतो म्हणून. कलमं बांधून झाली आहेत. भाच्याचा डबा तिथल्या पंप-हाऊसमध्ये खिळ्याला टांगलेला आहे. त्यातला आर्द्रतेचा सेन्सर चांगला निघाला, तेवढा चालू ठेवलाय.